घरावर सही कुणाची?

आपल्या घरांत 'फ्रेंच' हा शब्द पहिल्यांदा आला तो पॉलिशबरोबर. लग्नकार्याआधी पॉलिशवाला यायचा, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवायचा आणि कापडाच्या बोळ्याने सागवानी कपाटावर तासन् तास हात फिरवत बसायचा. त्याला सगळे फ्रेंच पॉलिश म्हणत. कपाटाचा आणि फ्रान्सचा संबंध तिथेच संपायचा.

आता तो शब्द फार मोठा झाला आहे. बंजारा हिल्सपासून कोकापेटपर्यंत कुठल्याही नव्या इमारतीचं माहितीपत्रक उघडा, त्यात 'फ्रेंच क्लासिक', 'पॅरिसियन', 'फ्रेंच मिनिमल' यांपैकी एक तरी सापडेलच. आपल्या समाजातली बरीच कुटुंबं गेल्या पंधरा-वीस वर्षांत काचीगुडा, सुलतान बाजार, बेगम बाजार सोडून तिकडे गेली. नवं घर झालं की इंटिरियर डिझायनर आलाच. तो आला की घरातल्या बाईला वही घेऊन समोर बसवतात आणि विचारतात, "मॅडम, तुमची स्टाईल कोणती?" खरं म्हणजे हा प्रश्नच उलटा आहे. त्याच्याकडे तीन-चार तयार स्टाईली असतात आणि त्यातली एक आपण आपली म्हणायची असते. म्हणून या फ्रेंच मंडळींनी नेमकं काय केलं, त्यांची ओळख कशात होती, आणि त्यातलं आपल्या घरात काय चालेल नि काय चालणार नाही, हे एकदा नीट बघायला हवं. खर्च आपण करतो आणि राहायचंही आपल्यालाच आहे.

सुरुवात घरबसल्या करता येते. त्यासाठी पॅरिसला जायला नको, अफझलगंजचा पूल ओलांडून सालारजंग संग्रहालयात गेलं तरी पुरे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी जमवलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय १९५१ मध्ये उघडलं. त्यातल्या फ्रेंच दालनात राजेशाही काळातलं फर्निचर आणि सेव्हर्सची चिनी मातीची भांडी आहेत. ज्याला आपण सरसकट 'महाराजा सोफा' म्हणतो, त्यामागे तीन वेगळे राजे आहेत हे तिथे उभं राहून ध्यानात येतं. चौदाव्या लुईच्या काळातलं सगळं भारदस्त, सोनेरी, दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं. पंधराव्या लुईच्या काळात रेषा वाकल्या, खुर्चीचे पाय हरणाच्या पायासारखे बाकदार झाले, शिंपले आणि वेली आल्या. सोळाव्याच्या काळात पाय पुन्हा सरळ झाले, त्यांवर उभ्या खाचा आल्या, पाठ लंबगोल झाली. आपल्याकडच्या दिवाणखान्यांत हे तिघेही एकाच सोफासेटवर नांदतात आणि वर छताला पीओपीची फुलं असतात. चूक म्हणून हे सांगत नाही. पण 'फ्रेंच' म्हणून पैसे मोजताना कोणत्या लुईचे मोजतोय, एवढं तरी विचारावं.

याच संग्रहालयात हस्तिदंताचं दालन आहे. तिथल्या नक्षीदार खुर्च्या फ्रान्सच्या राजाने टिपू सुलतानाला भेट दिल्याचं सांगितलं जातं. बघायला येणारी गर्दी 'किती बारीक काम!' म्हणते. काम बारीक आहेच. पण जैन बाईने तिथे उभं राहून आणखी एक गोष्ट मोजावी, ती म्हणजे हत्ती. या मुद्द्यावर पुढे येतेच.

आधी उजेडाबद्दल बोलू. फ्रेंच राजवाड्यातली मुख्य खोली रात्रीसाठी घडवलेली असते. व्हर्सायचा आरसेमहाल १६७८ ते १६८४ या काळात बांधला. त्यात सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी आणि कमानींत ३५७ आरसे. दिवसा बागेचा उजेड आत यावा हा हेतू होताच, पण खरी शोभा मेणबत्त्या लागल्यावर, त्या आरशांत शंभरपट झाल्यावर. सोनेरी मुलामा, लोलकांची झुंबरं, चकचकीत पॉलिश ही सगळी मंदशा ज्योतीचा उजेड पकडून परत फेकण्याची साधनं. वीज नसलेल्या काळातली ती हुशारी होती. आपल्या फलकनुमा राजवाड्यातही तेच दिसतं. नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये त्याचा पाया घातला. दिवाणखाना चौदाव्या लुईच्या थाटाचा, झुंबरं व्हेनिसची, आणि जेवणाचं टेबल १०१ पाहुणे एका वेळी बसतील असं. २०१० पासून तिथे ताजचं हॉटेल आहे. तिथलं जेवण म्हणजे रात्रीचं जेवण, हे सांगायला नकोच.

आता आपलं घर घ्या. ज्या घरात चौविहार पाळतात, रात्रिभोजनाचा त्याग आहे, तिथे ताटं सूर्यास्ताआधी उचलली जातात. मग जेवणाच्या टेबलावर लाखाचं झुंबर कशाला? ते लागणार कधी, आणि त्याच्या उजेडात जेवणार कोण? आणि गंमत अशी की झुंबराची जागा ठरवण्याच्या नादात टेबल घराच्या मधोमध, खिडकीपासून सगळ्यांत लांब जातं. मग संध्याकाळी साडेपाचलाच दिवे लावून जेवावं लागतं. ज्या घराचा नियमच उन्हाशी बांधलेला आहे, त्या घरातली सगळ्यांत चांगली, पश्चिमेची खिडकी जेवणाला मिळायला हवी. हे कोणतीही फ्रेंच स्टाईल सांगणार नाही, कारण त्या स्टाईलीचं घड्याळच वेगळं आहे. दुसऱ्याची खोली उचलून आणली की तिच्याबरोबर दुसऱ्याची दिनचर्याही येते, आणि आपली कुठेतरी कोपऱ्यात सरकते.

'सिग्नेचर स्टाईल' हा शब्द आता फार चालतो. सिग्नेचर म्हणजे सही. फ्रेंच फर्निचरवर सही कशी आली, हे कळलं की पुष्कळ उलगडा होतो. अठराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या सुतारांच्या संघाने नियम केला की उस्ताद कारागिराने आपल्या नावाचा ठसा लाकडावर मारलाच पाहिजे. हा ठसा दर्शनी भागावर नसे. खुर्चीच्या बैठकीखाली, कपाटाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी असे. माल खोटा निघाला तर पकडायचं कुणाला, यासाठी तो होता. म्हणजे सही ही मुळात जबाबदारी होती, आणि ती ज्याच्या हाताला रंधा माहीत होता त्याची होती. पुढे दीडशे वर्षांत हळूहळू उलट झालं. हात एकाचा आणि नाव दुसऱ्याचं झालं, आणि सही खालून वर, दर्शनी भागात आली.

विसाव्या शतकातलं या मंडळींतलं मोठं नाव एमिल-जाक रूलमान. १८७९ चा जन्म, १९३३ ला मृत्यू. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या दालनाने लोकांचे डोळे दिपवले. त्याची ओळख म्हणजे काळं मकासार एबनी लाकूड, खाली निमुळते होत गेलेले पाय, आणि काळ्यावर उठून दिसणारे हस्तिदंताचे बारीक ठिपके नि रेघा. नक्षी जवळजवळ नाहीच. सगळा खेळ मापाचा आणि पृष्ठभागाचा. त्याचं काम बघून कुणीही गप्प होईल, इतकं ते रेखीव आहे.

त्या रूलमानचं काम थेट एका मराठी घरात आलं होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे आणि त्यांच्या पत्नी, कागलच्या घाटग्यांची लेक संयोगिताराजे, यांनी १९३० ते १९३३ मध्ये माणिकबाग राजवाडा सजवला. वास्तुकार एकार्ट मुथेसियस जर्मन होता, पण सामान पॅरिसचं आलं. रूलमानचं अभ्यासिकेचं फर्निचर, ईव्हान दा सिल्वा ब्रूनचे गालिचे, लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी केलेले धातू-काचेचे पलंग, पुईफोर्काची चांदीची भांडी, आयलीन ग्रेची आरामखुर्ची. त्या वेळी राजे लोक लंडनहून जड, जुन्या धाटणीचं सामान मागवत. पंचविशीच्याही आतल्या या जोडप्याने त्या काळातलं सगळ्यांत नवं सामान निवडलं. ही निवड धीट होती, आणि तिच्यात त्यांची स्वतःची नजर होती. संयोगिताराजे १९३७ मध्ये, अवघ्या बाविशीच्या आसपास, परदेशात वारल्या. १९८० मध्ये मोनॅकोत त्या सामानाचा लिलाव झाला. माणिकबागेत सरकारी करखात्याचं कार्यालय आलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयात त्या राजवाड्यावर मोठं प्रदर्शन भरलं. म्हणजे आपल्याकडून गेलेल्या वस्तू लोकांनी पॅरिसमध्ये तिकीट काढून पाहिल्या.

माणिकबागेच्या त्या वस्तूंत ल कोर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियां यांची जगप्रसिद्ध लांब आरामखुर्ची होती, आणि ती बिबळ्याच्या कातड्याने मढवलेली होती. इथे माझं कौतुक थांबतं. फ्रेंच सजावटीचा सुवर्णकाळ ज्याला म्हणतात, त्याच्या सामानाची यादी करून बघा. हस्तिदंत. 'गालुशा', म्हणजे पाकट आणि मुशी माशांची खरखरीत कातडी, जिने आंद्रे ग्रूने १९२५ मध्ये एक अख्खं कपाट मढवलं. पार्चमेंट म्हणजे कमावलेलं कातडं, भिंतींना चिकटवण्यासाठी. लियोंचं रेशीम, पडद्यांना नि भिंतींना. पिसांच्या उशा. लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवायला सरस, आणि सरस कशाचा होतो ते सुतारकाम जवळून पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. अगदी आपलं ते घरगुती फ्रेंच पॉलिशसुद्धा लाखेच्या किड्यांनी झाडांच्या फांद्यांवर सोडलेल्या रसाचंच. मऊपणा, चमक, ऊब ही त्या शैलीची तिन्ही वैशिष्ट्यं प्राण्यांच्या अंगातून काढलेली आहेत.

यावर कुणी म्हणेल, आपण नाही का लग्नात पैठणी नेसत? नेसतो. रेशमाबद्दल समाजात वाद आहे आणि तो बरा आहे, कारण निदान प्रश्न तरी विचारला जातो. सोफ्याच्या बाबतीत तोही विचारला जात नाही. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय प्यायलं जात नाही, कांदा-लसूण येत नाही, त्याच घरात दिवाणखान्यात चामड्याचा सोफा 'इटालियन लेदर' म्हणून कौतुकाने दाखवला जातो. तोंडात जाणाऱ्या वस्तूची जेवढी चौकशी, तेवढी पाठ टेकायच्या वस्तूची का नसावी? अहिंसा फक्त स्वयंपाकघरात ठेवायची आणि दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी सवलत घ्यायची, हे पटणारं नाही.

आणि जयणेचा मुद्दा तर रोजचाच. भिंतीवर पट्ट्यांच्या चौकटी, छताला कंगोरे, पायांना वेली, हे सगळं झाडणार कोण? प्रत्येक खाचेत धूळ, धुळीत जाळी, जाळ्यात जीव. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरला की त्याखाली काय चाललंय ते कळतच नाही. जपून झाडायचं म्हटलं तर तास जातो, भरभर झाडलं तर जीव जातात. व्हर्सायला त्यासाठी नोकरांची फौज होती. आपल्याकडे एक कामवाली बाई आहे, तीही तीन घरं करून आलेली असते.

मग साधं, रिकामं घर करावं का? इथे दुसरा फसवा रस्ता सुरू होतो, आणि आपल्या समाजाला तो जास्त मोहवतो. कारण 'मिनिमल' म्हटलं की आपल्याला लगेच अपरिग्रह आठवतो.

रिकामपणाचा मोठा उस्ताद झां-मिशेल फ्रँक. १८९५ चा जन्म. अॅन फ्रँकच्या वडिलांचा हा चुलतभाऊ. त्याच्या खोल्यांत जवळजवळ काहीच नसे. फिकट भिंती, चार चौकोनी आसनं, एखादा दिवा. त्याचं घर बघून आलेल्या झां कॉक्तोच्या नावावर एक चेष्टा सांगतात की मुलगा गोड आहे, बिचाऱ्याचं सगळं चोरांनी नेलं. फ्रँकची नजर फार शुद्ध होती. गवताच्या काड्या चिरून, इस्त्री केल्यासारख्या सपाट करून तो त्यांनी कपाटं मढवी, आणि साध्या काडाला सोन्याची झळाळी येई. जाकोमेत्तीसारख्या शिल्पकाराकडून तो साध्या प्लास्टरचे दिवे करून घेई. पण नोआय या उमरावाच्या पॅरिसच्या घरात त्याने ज्या भिंती केल्या त्या पार्चमेंटच्या चौकोनांनी मढवलेल्या होत्या आणि दारं ब्राँझची होती. ती रिकामी खोली पॅरिसमधल्या महागड्या खोल्यांपैकी एक होती. पुढे १९९० नंतर क्रिस्तियां लिएग्रने हीच वाट जगभर नेली. गडद लाकूड, पांढरं सुती-तागाचं कापड, सरळ रेषा. आज आपल्याकडे जे 'लक्झरी मिनिमल' म्हणून विकतात, ते बरंचसं त्याच्या हॉटेलांचं दूरचं नातेवाईक आहे.

हे सुंदर आहे, शांतही आहे. पण याला अपरिग्रह म्हणू नका. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, ती मनाच्या आसक्तीवरून केली आहे आणि त्यासाठी 'मूर्च्छा' असा नेमका शब्द योजला आहे. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजतात, त्यात शेतानंतर लगेच घर येतं. म्हणजे घरातल्या वस्तू कमी केल्या तरी ते घर स्वतः परिग्रहाच्या यादीत आहेच. चाळीस लाखांत रिकामी केलेली खोली, जिच्या पांढऱ्या सोफ्यावर नातवंडाला बसू देत नाहीत आणि आजीच्या औषधाच्या डब्या दिसू नयेत म्हणून तिची खोली बदलतात, तिथे वस्तू कमी असतील, मूर्च्छा मात्र काठोकाठ भरलेली आहे. उलट एखाद्या जुन्या घरात भिंतभर फोटो, माळ्यावर पितळी पातेली, दारामागे छत्र्या असतात, आणि मागायला आलेल्याला त्यातली वस्तू चटकन उचलून दिली जाते. अपरिग्रह कुठे आहे, तुम्हीच ठरवा. श्रावकासाठी सांगितलेलं व्रत परिमाणाचं आहे: किती ठेवायचं ते आपण ठरवायचं, आणि ठरल्यावर थांबायचं. डिझायनरच्या बजेटला परिमाण म्हणत नाहीत.

एवढं सगळं बोलल्यावर फ्रान्सकडून काही घेण्यासारखं नाही असं वाटेल. तसं नाही. मला ते सापडतं तिथल्या बायकांच्या कामात.

आयलीन ग्रे जन्माने आयरिश, पण काम सगळं पॅरिसमध्ये. तिने भूमध्य समुद्राकाठी १९२६ ते १९२९ मध्ये एक घर बांधलं आणि त्याला नाव दिलं 'ई-१०२७'. ई म्हणजे आयलीन, १० म्हणजे दहावं अक्षर जे, तिचा सोबती झां. २ म्हणजे बी, त्याचं आडनाव बादोविची. ७ म्हणजे जी, ग्रे. तिने आपली सही अशी आकड्यांत लपवली. घरात काय केलं? पलंगाशेजारचं टेबल उंच-खाली होणारं, म्हणजे अंथरुणात बसून नाश्ता करता यावा. कपाटाचे कप्पे उघडले की आतलं सगळं एका नजरेत दिसावं असे. आजाऱ्याचा, आळशाचा, वाचणाऱ्याचा, सगळ्यांचा विचार. पुढे १९३८ मध्ये ल कोर्ब्युझिएने तिला न विचारता त्या घराच्या भिंतींवर स्वतःची मोठमोठी चित्रं रंगवली. तिच्या घरावर त्याची सही! पुढची कित्येक वर्षं लोक ते घर त्याच्याच नावाशी जोडत राहिले. ग्रे १९७६ मध्ये, ९८ व्या वर्षी वारली. २००९ मध्ये तिची एक खुर्ची पॅरिसच्या लिलावात दोन कोटी युरोंहून अधिक किमतीला गेली. तिला त्यातलं काही कळलं नाही आणि मिळालंही नाही.

शार्लोत पेरियां १९२७ मध्ये त्याच कोर्ब्युझिएकडे काम मागायला गेली, तेव्हा इथे आम्ही उशांवर भरतकाम करत नाही, अशा अर्थाचं ऐकवून त्याने तिला परत पाठवलं. थोड्याच दिवसांत प्रदर्शनातलं तिचं काम पाहून त्यालाच तिला बोलवावं लागलं. ज्या आरामखुर्च्या नंतर त्याच्या एकट्याच्या म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांत तिचा मोठा वाटा. १९४० मध्ये ती जपानला गेली, आणि तीच लांब आरामखुर्ची तिने तिथल्या कारागिरांच्या साहाय्याने बांबूची केली. बिबळ्याचं कातडं नाही, लोखंड नाही. आकार तोच, वस्तू तिथल्या मातीतली. माझ्या मते तिच्या सगळ्या कामात हे पाऊल मोठं आहे. आपल्याकडे चंदिगडमध्ये पिएर जानरेने सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या, त्यांतही हीच समज आहे. त्या घडवताना उर्मिला युली चौधरी या भारतीय वास्तुकार बाईंचा हात होता, हेही सांगितलं पाहिजे. सरकारी कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या, आणि आज परदेशी लिलावांत त्या लाखोंनी विकल्या जातात. वेत, सागवान, सुती गादी: जैन घराला यातलं काहीच परकं नाही.

पेरियांची दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. मार्सेच्या १९५२ च्या मोठ्या वसाहतीसाठी तिने स्वयंपाकघर भिंतीआड न कोंडता बसायच्या खोलीकडे उघडं ठेवलं, मध्ये नुसता ओटा. रांधणाऱ्या बाईला घरातल्यांशी बोलता यावं म्हणून. आज आपल्याकडे 'ओपन किचन' म्हणून त्याचा देखावा होतो आणि फोडणीचा धूर नको म्हणून मागे दुसरं, खिडकी नसलेलं 'खरं' स्वयंपाकघर बांधतात. म्हणजे पेरियांनी बाईला बाहेर काढलं, आणि आपण तिचं नाव घेऊन पुन्हा आत ढकललं.

आंद्रे प्युतमान तिसरी. १९८४ मध्ये न्यूयॉर्कचं मॉर्गन्स हॉटेल करताना पैसे कमी होते, म्हणून तिने न्हाणीघरांना साध्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी फरश्या लावल्या. पुढे तीच तिची ओळख झाली. काळी-पांढरी फरशी म्हणजे आपल्या आजोळच्या घरातली की हो! ती उखडून आपण कृत्रिम संगमरवर घालतो, आणि मग मासिकात तीच फरशी 'पॅरिसची' म्हणून बघतो.

याच्या दुसऱ्या टोकाला फिलिप स्टार्क. त्याने २००२ मध्ये सोळाव्या लुईच्या खुर्चीचा आकार पारदर्शक प्लास्टिकमध्ये ओतला. राजाची खुर्ची भुतासारखी पारदर्शक! विनोद उत्तम होता. आता लग्नाच्या हॉलमध्ये तिच्या नकलांवर आपण बसतो, आणि विनोद कुणालाच कळत नाही. त्याच्या कंपनीने पुढे सहीच विकायला काढली. पुण्यात हडपसरला त्याच्या नावावर उंच इमारती उभ्या राहिल्या. क्लासिक, मिनिमल, नेचर, कल्चर असे तयार साचे, त्यातला निवडायचा. संस्कृतीसुद्धा यादीतून निवडायची! अठराव्या शतकात ठशाला जो अर्थ होता, तो इथे पुरा संपला. लाकडाला हात लावणारा कोण, ते सही करणाऱ्याला ठाऊक नाही आणि विकत घेणाऱ्यालाही नाही.

न्यायाने बोलायचं तर दिपवण्याचा सोस फक्त फ्रेंचांचा नाही. माणिकबाग ज्या इंदुरात आहे त्याच इंदुरात सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं काचमंदिर आहे. भिंती, खांब, छत सगळं काचेचं. व्हर्सायलाही हेवा वाटावा असं. दर्शनाला जाणारे आपण काचा आधी पाहतो, मूर्ती नंतर. तरी एक फरक आहे. ते वैभव सगळ्यांसाठी उघडं आहे, तिथे कुणीही जाऊन हात जोडावेत. आणि मध्यभागी जी मूर्ती आहे, ती काही न बाळगण्याची आहे. दिवाणखान्यातल्या वैभवाच्या मध्यभागी कोण असतं? घराचा मालक.

म्हणून नव्या घराची आगाऊ रक्कम देण्याआधी डिझायनरला चार गोष्टी विचाराव्यात असं माझं मत आहे. सूर्यास्ताआधी जेवायला बसलो तर ताटावर ऊन येईल का? या यादीतलं काय-काय कुणाच्या अंगावरून काढलेलं आहे? सामायिकाला ४८ मिनिटं कुणी उठवणार नाही अशी एक बैठक कुठे आहे, आणि तिथून टीव्ही ऐकू येतो का? आणि चौथं, हे सगळं घडवणारे सुतार कोण?

तो चौथा प्रश्न विचारला की बहुतेक डिझायनर गोंधळतात, कारण आजवर तो कुणी विचारलेला नसतो. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारहून आलेली ती माणसं महिना-दोन महिने आपल्याच घरात फरशीवर झोपतात, आणि आपल्याला त्यांचं नाव माहीत नसतं. पॅरिसच्या सुताराला ठसा मारणं सक्तीचं होतं. आपण सक्ती नको करूया. काम संपलं की उस्तादाच्या हातात पेन्सिल द्यावी आणि कपाटाच्या आतल्या फळीवर, साड्यांच्या मागे, त्याला त्याचं नाव, गाव आणि तारीख लिहायला सांगावी. त्या घरावरची खरी सही ती.